चर, गडगे आणि फायबर: ल्यून खोऱ्यातल्या एका गावाच्या प्रकल्प नोंदी

उत्तर इंग्लंडमध्ये किर्कबी लॉन्सडेल आणि सेडबर्ग यांच्या मधल्या पट्ट्यात ल्यून नदीला दोन्ही बाजूंनी छोटी खोरी येऊन मिळतात. त्यातल्या एका खोऱ्यात आम्ही राहतो. चौसष्ट घरं, एक चर्च, एक गावसभागृह, बाकी सगळी मेंढ्यांची कुरणं. टेलिफोन एक्स्चेंज लांब, तांब्याची तार जुनी. इंटरनेटचा वेग तेव्हा दोन एमबीपीएसच्या आसपास होता, आणि पावसाची झड लागली की तेवढाही नाही. घरं इतकी विखुरलेली की चर खणायचा खर्च महिन्याच्या वर्गणीतून निघायला कित्येक वर्षं जातील, म्हणून कोणी कंपनी इकडे फिरकत नव्हती. शेवटी गावाने ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ म्हणजे बी-फोर-आर-एन या ना-नफा संस्थेला हाताशी धरून घरोघर फायबर, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांतून येणारं इंटरनेट, आणायचं काम सुरू केलं. स्कॉटलंड-वेल्सच्या खेड्यांत राहणारी आपली माणसं आणि कोकणातले माझे काही मित्र ‘हे जमतं कसं?’ म्हणून विचारत असतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

१७ जानेवारी २०२१

शाळा ५ जानेवारीपासून बंद. शेजारच्या शेतघरात तीन मुलं आहेत. एकाचा ऑनलाइन वर्ग चालू असला की बाकीच्या दोघांनी गप्प बसून राहायचं. आज संध्याकाळी गावाची बैठक झाली ती व्हिडिओवर जमेना, म्हणून फोनवर घेतली.

संस्थेची माहिती सगळ्यांना दिली. २०११ साली लँकेस्टरजवळच्या खेड्यांतल्या लोकांनी ती उभी केली. लँकेस्टर विद्यापीठातले बॅरी फोर्ड आणि रे गावच्या शेतकरी कुटुंबातल्या ख्रिस कॉन्डर हे त्यातले पुढचे लोक. जाणारा-येणारा वेग सारखाच, एक गिगाबिट म्हणजे हजार एमबीपीएस, महिन्याला तीस पौंड (२०२१ चा दर). कायद्याने ही ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’ आहे. शेअर कितीही घेतले तरी सभासदाला मत एकच, आणि नफा कोणाच्या खिशात जात नाही. हा शेवटचा मुद्दा पुढे फार कामाला आला. खाजगी कंपनीसाठी आपलं शेत फुकट खणून द्यायला इथला एकही शेतकरी तयार झाला नसता.

गावाने तीन गोष्टी आणायच्या: जमिनीच्या परवानग्या, खणायला हात, आणि सरकारी व्हाउचरनंतर (म्हणजे जोडणीसाठी मिळणाऱ्या अनुदानानंतर) उरणारी तूट. आखणी, साहित्य आणि चालू झाल्यावरची देखभाल संस्थेकडे. नकाशे आणि परवानगीचे कागद मी घेतले.

९ फेब्रुवारी २०२१

मार्ग रस्त्याने न्यायचा नाही, शेतांतून न्यायचा. डांबरी रस्ता खणायचा म्हणजे परवाना, सिग्नल, परत डांबर. त्यात मीटरमागे जेवढा पैसा जातो त्याच्या थोड्या भागात शेतातला चर होतो. अट एकच: वाटेतल्या प्रत्येक मालकाने जागेचं भाडं न घेता परवानगी द्यायची. या संस्थेचा सगळा हिशेब त्या एका गोष्टीवर उभा आहे.

पहिला नकाशा आठवड्याच्या आत बाद झाला. खोऱ्याच्या तोंडाशी एक मोठं शेत आहे. मुख्य नळी (जिच्यातून पुढे फायबरची तार जाते) तिथून जायची होती आणि मालकाने साफ नकार दिला. कारण विचारायला गेले तर फाटकाशीच उभं राहून त्यांनी सांगितलं: पूर्वी पाण्याची लाइन टाकताना त्यांच्या शेतातले जमिनीखालचे निचऱ्याचे नळ फोडले गेले, कोणी दुरुस्त करायला परत आलं नाही, आणि त्या कोपऱ्यात आजही पाणी साचतं. मला तो कोपरा दाखवलाही. बूट घोट्यापर्यंत आत गेला. त्यांचं म्हणणं रास्त होतं.

त्यांना बगल देणारा दुसरा मार्ग आखला. सातशे मीटर जास्त, आणि एक वहाळ (ओढा) अधिकचा ओलांडायचा.

कोणी हे काम करणार असेल तर आधी सर्वांत अवघड मालकाकडे जा. आम्ही ओळखीच्यांपासून सुरुवात केली आणि नकार आला तेव्हा बाकीच्या सात जणांचे नकाशे परत काढावे लागले.

१४ मार्च २०२१

परवानग्या बऱ्याच आल्या. एका कुरणाची मालकी ट्रस्टकडे, वकील लँकेस्टरला, पत्राला उत्तर नाही. तो एक कागद सगळ्यांना अडवून बसलाय. पुढचे दोन महिने शेतकऱ्यांशी बोलायचंच नाही असं ठरवलं, कारण मेंढ्या विऊ लागल्यात. रात्री दोनला गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला सकाळी कागद पुढे करणं बरं नाही. कामाचं वेळापत्रक मेंढ्यांवरून लावायचं: एप्रिलमध्ये वीण, जूनमध्ये गवताची पहिली कापणी. त्यानंतर शेत मोकळं. पावसाळी शरद ऋतूपर्यंत खणायला मिळतं तेवढंच.

६ मे २०२१

व्हाउचरचा हिशेब. सरकारी योजनेत घराला १,५०० पौंड आणि छोट्या व्यवसायाला ३,५०० पौंडांपर्यंत मिळतात (२०२१ चे दर). शेती हाही व्यवसायच धरतात, हे बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत नव्हतं. चौसष्टपैकी अठ्ठावन्न जण तयार झाले, त्यात नऊ व्यवसाय. बेरीज १,०५,००० पौंड. अंदाजपत्रक १,३८,००० चं. तूट ३३,००० ची. ती गावाने शेअर घेऊन भरायची, कमीत कमी शंभर पौंडांचे.

व्हाउचरचे पैसे जोडणी चालू झाल्यावर येतात. तोवर नळी, तार, भाड्याची यंत्रं सगळं आधी कोणीतरी भरायचं असतं. गावाच्या शेअरचं खरं काम तेच. संस्थेने सुरुवातीच्या वर्षांत खणणाऱ्याला मीटरमागे दीड पौंड धरला होता आणि तो शेअरच्या रूपात घ्यायची सोय ठेवली होती. ज्याच्याजवळ रोकड नाही त्याला अंगमेहनतीने भागीदार होता यायचं. ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

घोडं भलत्याच ठिकाणी अडलं. व्हाउचर पक्कं करायचा दुवा घराघरांत ईमेलने येतो आणि ठरलेल्या मुदतीत त्यावर होकार द्यावा लागतो. ज्यांचं इंटरनेट चालत नाही त्यांनाच तो ईमेल. काहींचा स्पॅममध्ये गेला, काहींनी फसवणूक समजून पुसून टाकला. अकरा जणांची मुदत गेली, परत अर्ज. शेवटी दोघी जणी आपापले फोन घेऊन दारोदार गेलो आणि अंगणात उभं राहून होकार दाबून घेतला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं.

१९ जून २०२१

खणायला सुरुवात. मऊ कुरणात ट्रॅक्टरमागे नांगरासारखं पातं लावतात. ते जमीन चिरत जातं आणि नळी मागच्या मागे आत सोडतं. चर उघडा राहत नाही, गवत दोन आठवड्यांत मिळून येतं. सकाळी पाचशे मीटर झाले. दुपारी जमीन बदलली, चिकणमातीत गोटे लागले आणि पातं वाकलं. उरलेलं काम छोट्या खोदयंत्राने, आणि ते जिथे पोचत नाही तिथे टिकाव-फावड्याने. खोली दीड फूट, नळीखाली-वर बारीक माती, वर इशाऱ्याची पट्टी.

बारीक माती टाकायचा कंटाळा करू नका. याचं उत्तर आम्हाला जानेवारीत मिळालं, खाली लिहिलंय.

३ जुलै २०२१

व्हायचं ते झालं. जमिनीखालचा मातीचा नळ फुटला, खापराचे तुकडे खोदयंत्राच्या बकेटबरोबर वर आले. हे नळ शंभरेक वर्षांपूर्वीचे, नकाशा कोणाकडेच नाही. काम थांबवलं, दोन्ही बाजूंनी हाताने मोकळं केलं, प्लॅस्टिकचा नळ घालून जोडलं, वरच्या बाजूने बादलीने पाणी ओतून खालच्या तोंडाला येतंय का पाहिलं. फोटो काढले, मालकाला बोलावून दाखवलं, मगच बुजवलं. अर्धा दिवस गेला.

तेव्हापासून नियम केला: प्रत्येक शेतात आधीचे फोटो, नंतरचे फोटो, आणि फुटलेला नळ त्याच दिवशी जोडायचा. ट्रेलरवर खापरी मापाचे प्लॅस्टिक नळ कायम ठेवलेले. उन्हाळाभरात असे बरेच नळ फुटले, पण एकही तसाच बुजवला नाही.

खोऱ्याच्या तोंडाशी नकार देणारे शेतकरी आज गडग्यापलीकडून (शेताच्या दगडी कुंपणापलीकडून) बराच वेळ पाहत होते.

२४ जुलै २०२१

गडगे. इथलं प्रत्येक शेत कोरड्या दगडी भिंतीने बांधलेलं आहे, चुना नाही, माती नाही. मी राजापूरकडची, गडगा नवीन नाही. पण इथला दगड जांभ्यासारखा तासून मापात बसवता येत नाही, तो आहे तसाच जागा शोधून बसवावा लागतो. भिंतीला दोन अंग, मधे बारीक दगडांची भर, आणि कंबरेच्या उंचीवर दोन्ही अंगांना धरणारे लांब दगड.

पहिल्या दोन ठिकाणी हातभर रुंदीचा भाग उतरवून नळी घातली आणि परत रचला. एक आठवड्यातच बसला, पोट सुटलं. गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने तो परत पूर्ण उतरवला आणि आम्हाला शिकवलं: दगड काढताना गवतावर ओळीने मांडायचे, माथ्याचे सर्वांत लांब, पायाचे सर्वांत जवळ. मधली भर फावड्याने ओतायची नाही, एकेक खडा हाताने बसवायचा.

तिसऱ्या गडग्यापासून उतरवणंच बंद केलं. पायाच्या दोन दगडांमधली सांध शोधायची, पहारीने खालून भोक पाडायचं, त्यात आधी जाड पाइपचा तुकडा सारायचा आणि त्यातून नळी. भिंतीला हात लागत नाही. वेळ तेवढाच लागतो, पण मेंढ्या पलीकडे जात नाहीत आणि मालकाची झोप उडत नाही.

आनंदाची बातमी: खोऱ्याच्या तोंडाचे शेतकरी स्वतः आले. त्यांच्या शेतातून न्यायला परवानगी दिली, अट एवढीच की साचणारा कोपरा त्याच खोदकामात सुटला पाहिजे. खोदयंत्र तिथे होतंच. जुना फुटका नळ सापडला, जोडला. सातशे मीटरचा वळसा वाचला.

२८ ऑगस्ट २०२१

गावरस्ता एका ठिकाणी ओलांडावाच लागतो. हे काम परवानाधारक ठेकेदाराचंच. दोन्ही कडेला खड्डे घ्यायचे आणि हवेच्या दाबावर चालणारा पोलादी ‘मोल’ एका खड्ड्यातून रस्त्याखालून दुसऱ्यात पाठवायचा. मोल मधेच गोट्याला आपटून भरकटला. दुसऱ्या खड्ड्यात आलाच नाही, मागे ओढून काढायला संध्याकाळ झाली. त्या दिवसाचे साडेसहाशे पौंड गेले.

दुसऱ्यांदा जागा बदलली. रस्ता जिथे भराव घालून उंच केलाय तिथे खाली मूळची गोटाळ माती नाही, आणून टाकलेली आहे. तिथे वीस मिनिटांत पार. ठेकेदार येण्याआधी पहारीने दोन-तीन ठिकाणी जमीन ठोकून पाहिली असती तर एवढं कळलं असतं.

३० ऑक्टोबर २०२१

दोन दिवस आमच्या कंब्रिया परगण्यात पावसाने कहर केला. शेवटचे दोनशे मीटर चर उघडे होते, त्यांचा ओढा झाला. काही नळ्यांची तोंडं चिकटपट्टीने बंद केली होती, पट्टी सुटून पाणी आणि गाळ आत. नळीच्या तोंडाला रबरी टोपणच लावायचं. एक टोपण काही पेन्सांचं.

३० नोव्हेंबर २०२१

शुक्रवारी, २६ तारखेला रात्री ‘आर्वेन’ वादळ आलं. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये मिळून जवळपास दहा लाख घरांची वीज गेली. आमच्याकडे अजून आलेली नाही. मोबाइलचा टॉवरही बॅटरी संपल्यावर बंद झाला. तांब्याच्या तारेवरचा जुना फोन तेवढा काही घरांत चालतोय.

यातून दोन निर्णय झाले. जंगलाच्या पट्ट्यातले तीनशे मीटर खणण्याऐवजी खांबांवरून न्यावेत असा विचार होता, पैसे वाचले असते. त्याच पट्ट्यात आज झाडं आडवी पडून तारा जमिनीवर आल्यात. तो विचार सोडला, मुळांमधून हाताने खणायचं.

दुसरा निर्णय वृद्धांसाठी. फायबरवरचा फोन घरातल्या विजेवर चालतो. वीज गेली की फोन गेला. म्हणून एकट्या राहणाऱ्या आणि आजारी माणसांच्या घरी राउटरला बॅटरी लावल्याशिवाय जुना फोन काढायचा नाही. गावसभागृहात छोटा जनरेटर ठेवायचा, म्हणजे अशा आठवड्यात निदान एक जागा जोडलेली राहील.

१५ जानेवारी २०२२

फुंकायचा दिवस. नळीत तार ओढत नाहीत, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकतात. आधी स्पंजाचा बोळा सोडला. पलीकडे बोळ्याआधी पेलाभर गढूळ पाणी आलं, ऑक्टोबरचं. तीनदा बोळा सोडल्यावर कोरडा बाहेर पडला.

मग तार. काटा फिरत होता, तार सरसर आत जात होती, आणि एकदम थांबली. दाब वाढवून उपयोग नाही, तार आतल्या आत दुमडते. तारेवर छापलेला आकडा वाचला: ३८६ मीटर. मोजपट्टीचं चाक घेऊन चेंबरपासून (जिथून तार आत सोडली त्या खड्ड्यापासून) तेवढं चालत गेलो, खुंटी ठोकली, खणलं. खुंटीपासून एक हातावर नारळाएवढा गोटा नळीवर बसलेला, नळी चपटी. तिथे जूनमध्ये बारीक माती न घालताच चर बुजवला होता. वितभर तुकडा कापून जोडणी बसवली, बोळा पुन्हा, तार पुन्हा. अंधार पडायच्या आत दुसऱ्या टोकाला तार आली.

एकूण चार ठिकाणी असं अडलं. चारही ठिकाणी कारण एकच, दगड.

१२ फेब्रुवारी २०२२

तारा जोडायचं शिकले. संस्थेच्या माणसाने दोन दिवस शेजारी बसून शिकवलं. काच केसाइतकी बारीक, १२५ मायक्रॉन. वरचं आवरण सोलायचं, अल्कोहोलच्या फडक्याने एकदाच एका दिशेने पुसायचं, कटरमध्ये ठेवून काटकोनात तोडायचं. यंत्राच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडून ती वितळून जुळतात, आणि जोडात प्रकाश किती घटतो तो आकडा दिसतो. ०.०२ डेसिबल आला की छान. ०.१ च्या वर गेला की तोडून परत. श्वासाची वाफसुद्धा काचेवर बसते, म्हणून थंडीत मान वळवून श्वास घ्यायचा.

संध्याकाळी डोक्यावरच्या पिवळट दिव्यात लाल आणि नारिंगी धागे ओळखता आले नाहीत, आणि एका घराचा प्रकाश दुसऱ्याच घरी पोचला. शोधायला सबंध सकाळ गेली. आता पांढरा दिवा वापरतो आणि दोघं बसतो: एकाने रंग मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने तक्त्यावर खूण करायची.

५ मार्च २०२२

घरांच्या भिंती अडीच फूट जाड, आत सैल दगडांची भर. साधा ड्रिल मधेच अडकतो. एक मीटरचं पातं भाड्याने आणलं. भोक आतून बाहेर आणि बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं, नाहीतर पावसाचं पाणी त्याच वाटेने घरात येतं. पुढच्या आठवड्यात पस्तीसावं घर होईल.

शेजारच्या शेतघरात आज तपासलं: येणारा वेग ९१२ एमबीपीएस, जाणारा ९०६. तिघंही मुलं एकाच वेळी आपापल्या खोलीत बसली होती. त्यांची आई स्वयंपाकघरात उभी राहून मेंढ्यांच्या नोंदणीचं सरकारी पान उघडत होती. पूर्वी त्याच कामासाठी तिला गाडी काढून किर्कबी लॉन्सडेलला जावं लागायचं.

२४ एप्रिल २०२२

बावन्न घरं चालू. चर्च आणि सभागृहही जोडले. चार घरं या महिन्यात होतील, तिथे मेंढ्यांची वीण संपायची वाट पाहतोय. वहाळापलीकडची दोन शेतं राहिलीत. पुलाच्या कडेने पोलादी पाइप लावायचा आहे, त्याच्या परवानगीचा अर्ज नोव्हेंबरपासून पडून आहे. नाहीच मिळाली तर पात्राखालून नेण्याचा आराखडा तयार ठेवलाय. पण तो नदीतल्या माशांच्या अंडी घालण्याच्या काळाबाहेरच करता येतो, म्हणजे उन्हाळा हातचा जाऊ द्यायचा नाही.

खर्च अंदाजापेक्षा ६,२०० पौंडांनी वाढला. त्यातला मोठा भाग खोदयंत्राचं जास्तीचं भाडं आणि रस्त्याचा पहिला फसलेला दिवस. खोऱ्याच्या तोंडच्या शेतकऱ्यांनी आणखी शेअर घेऊन त्यातला बराचसा उचलला.

पुढच्या खोऱ्यातल्या गावाने विचारणा केली आहे. त्यांना आमचे नकाशे, परवानगीच्या कागदाचा मसुदा आणि निचऱ्याच्या नळांचे फोटो पाठवले. एक मीटरचं पातं आणि रंगांचा तक्ता शनिवारी घेऊन जाते.